फाईलवाल्या मॅडमचं पत्र: सोलापुरात ट्रायल करणाऱ्या डॉक्टरांना आणि ट्रस्टींना

सोलापुरातल्या ज्या ज्या हॉस्पिटलांत क्लिनिकल ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषधांच्या चाचण्या, चालतात तिथल्या सगळ्या डॉक्टर सर-मॅडमना, आणि ज्यांच्या सहीने पगार निघतो त्या ट्रस्टी, संचालक मंडळींना,

नमस्कार.

नाव लिहीत नाहीये, याच गावात अजून नोकरी करायचीय. पण तुमच्यातले बरेच जण मला ओळखता. मॉनिटर, म्हणजे औषध कंपनीचा तपासनीस, यायच्या दिवशी सकाळी आठपासून जिचा फोन वाजायला लागतो, "ती लाल फाईल कुठंय ओ", "माझं जीसीपी (ट्रायल नीट कशी करायची त्या नियमांचं) सर्टिफिकेट संपलंय का बघा की", "एथिक्सचं पत्र आलं का", ती मीच, नाहीतर माझ्यासारखीच दुसऱ्या हॉस्पिटलातली कुणीतरी. पगारपत्रकावर आमचं पद जिकडे तिकडे वेगळं असतं, कुठे डेटा एन्ट्री, कुठे ऑफिस असिस्टंट, एका ठिकाणी तर मी वर्षभर हाऊसकीपिंग सुपरवायझर होते कारण त्या खात्यात जागा रिकामी होती. बोलताना मात्र सगळीकडे एकच, फाईलवाल्या मॅडम.

पत्र लिहायला बसले ते एका जाहिरातीमुळे. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. "पाहिजे: रिसेप्शनिस्ट कम डेटा एन्ट्री ऑपरेटर. रिसर्चचं थोडंफार पेपरवर्क येत असल्यास प्राधान्य. पगार कामानुसार, स्टडी असेपर्यंत." कुठल्या हॉस्पिटलची ते सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर कुठलीही असू शकली असती. मी ती तीनदा वाचली. थोडंफार पेपरवर्क. बरं.

मी बी.कॉम. वडील अशोक चौकाजवळ एका चादर कारखान्यात दिवाणजी होते. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेच्या रिक्षात कन्नड, अशी मी वाढले. २०१३ ला एका डॉक्टरांकडे टायपिंगला लागले, साडेसहा हजारावर. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी स्पायरल बाइंडिंगचा एक जाडजूड गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा प्रोटोकॉल, ट्रायलचा आराखडा, एथिक्स कमिटीसाठी याच्या कॉप्या काढ आणि बाकीचं काय लागतं ते बघून घे. बाकीचं काय लागतं ते बघून घे! त्या एका वाक्यात माझी बारा वर्षं गेली.

तर बाकीचं काय लागतं ते सांगते. इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (औषधाची आत्तापर्यंतची माहिती), पेशंटची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं जितक्या भाषांत असतील तितकी, प्रत्येक भाषांतराचं सर्टिफिकेट, इन्शुरन्सची पॉलिसी (मुदत संपलेली नाही ना हे बघून, एकदा संपलेली निघाली होती आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं), डॉक्टरांचा सीव्ही सही-तारखेसकट, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अंडरटेकिंग, दिल्लीच्या औषध नियंत्रकांची परवानगी, कराराचा मसुदा. करार तीन पार्ट्यांचा, त्यात हॉस्पिटलचे वकील एक शब्द बदलतात, कंपनीचे वकील तो परत आणतात, मधे स्टॅम्प पेपरची तारीख जुनी होते. शिवाय सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी झालीय का बघायचं, ती २००९ पासून सक्तीची आहे आणि २०१८ च्या एप्रिलपासून तर पहिला पेशंट घेऊन झाल्यावर नोंदणी घेतच नाहीत, म्हणजे आधी पेशंट घेऊ, नोंदणी नंतर करू हे चालत नाही. सरकारी पोर्टलांची नावं सुगम आणि नैतिक अशी आहेत. त्यातलं सुगम किती सुगम आहे ते जो रात्री अकरा वाजता पीडीएफ अपलोड करत बसलाय त्याला विचारा.

आणि हे सगळं झाल्यावर एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघून ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीची, मीटिंग. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे कमिटीत कमीत कमी ७ माणसं, त्यातली निम्मी हॉस्पिटलबाहेरची, एक तरी बाई, आणि कोरम ५ चा. तोही कसले पण पाच चालत नाहीत, औषधशास्त्रातलं कुणी, एक क्लिनिशियन, एक कायद्यातला, एक समाजकार्य किंवा तशा क्षेत्रातला आणि एक साधा सामान्य माणूस. नुसते पाच डॉक्टर बसून चहा प्याले तर तिला मीटिंग म्हणत नाहीत. आमचे वकीलसाहेब एकदा कोर्टातून निघालो म्हणाले आणि गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, होम मैदानाच्या गर्दीत दीड तास अडकले. बाकीचे चौघे बसलेत, चहा दोनदा झाला, दोघे घड्याळ बघतायत, आणि मी खाली गेटवर उभी राहून वकीलसाहेबांना फोनवर रस्ता सांगतेय. ते आले तेव्हा कोरम झाला. त्या दिवशी मिनिट्समध्ये मी मीटिंग सुरू झाल्याची खरी वेळ लिहिली, सव्वापाच. एका सरांना वाटत होतं चार लिहावं, पत्रावर चार छापलंय म्हणून. मी सव्वापाचच लिहिली.

त्या कमिटीतले सामान्य माणूस म्हणजे एक रिटायर्ड मास्तर. सगळ्यात कमी बोलणारे आणि सगळ्यात जास्त कामाचं बोलणारे. संमतीपत्राची मराठी भाषांतरं बाहेरच्या एजन्सीकडून येतात, त्यात एकदा प्लासिबोला, म्हणजे तुलनेसाठी देतात त्या औषध नसलेल्या गोळीला, लिहिलं होतं "नकली औषध". मास्तर म्हणाले, अहो, बाजारात नकली औषधं पकडली म्हणून पेपरात येतं ते वाचलेला माणूस यावर सही करेल का, आणि केलीच तर काय समजून केली? दुसऱ्या पानावर होतं "यादृच्छिकीकरण". तिथे ते माझ्याकडे बघून म्हणाले, तू वाचून दाखव. मी दोनदा अडखळले. मग आम्ही ते "कुणाला कुठलं औषध मिळणार हे नाणेफेकीसारखं ठरेल" असं करून मागितलं, कंपनीने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, त्यात अठरा दिवस आणि सव्वीस ईमेल गेले. ते सव्वीस ईमेल कुणी लिहिले? थोडंफार पेपरवर्क.

आपल्याकडे तर भाषेचा घोळ आणखी आहे, तुम्हाला ओपीडीत रोज दिसतो. पूर्व भागातल्या बाईला घरी तेलुगू येतं पण तेलुगू वाचता येत नाही, शाळा मराठीत झालेली. अक्कलकोटकडचा माणूस कन्नड बोलतो आणि मराठी वाचतो. काहींना उर्दूच पाहिजे. त्यामुळे "पेशंट तेलुगू आहे, तेलुगू फॉर्म द्या" असं चालत नाही, आधी बसून विचारावं लागतं की बाई तुम्हाला वाचायला काय बरं पडतं. वाचताच येत नसेल तर सगळं वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर पाहिजे, त्याची सही, त्याची तारीख. वॉर्डबॉयला बोलावून "कर रे इथं सही" म्हटलं की तो करतो, बिचाऱ्याला काय. पण तो सगळा वेळ तिथे बसला होता का? बसला नसेल तर ती सही खोटी, एवढा साधा हिशोब आहे.

मी हे उगाच ताणत नाहीये. २०१३ च्या संसदीय समितीचा अहवाल आहे, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममधल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) लसीच्या प्रकल्पावर. त्यात मुलींच्या ९,५४३ संमतीपत्रांचा हिशोब दिलाय. २,७६३ वर होस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या, १,९४८ वर अंगठे. आईबापांच्या जागी वॉर्डन. मला तो अहवाल वाचताना सारखं वाटत होतं की ते गठ्ठे कुणीतरी मोजून कपाटात लावले असतील, एखादी माझ्यासारखी असेल तिथे, तिला दिसलं असेल का एकच सही खाली खाली येतेय ते, आणि दिसलं तर तिने कुणाला सांगायचं होतं? तिला पद असतं, तिचं नाव डेलिगेशन लॉगवर (ट्रायलचं कुठलं काम कुणाकडे त्या यादीत) असतं, थेट कमिटीला पत्र लिहायचा हक्क असता तर काय झालं असतं ते माहीत नाही. पण हंगामी बाई असेल तर ती गप्पच बसली असणार, हे मी अनुभवाने सांगते.

आता अनुभवाचंच सांगते, आणि यात चूक आमच्या बाजूची आहे.

काही वर्षांपूर्वी मी जिथे होते तिथे माझी एक स्टडी, म्हणजे ट्रायल, संपली आणि मला सांगितलं, तीन महिने घरी बसा, नवीन स्टडी आली की बोलावतो. दुसरी एक स्टडी चालू होती, ती रिसेप्शनवरच्या मुलीकडे दिली. हुशार मुलगी, पण तिला कुणी काही शिकवलं नव्हतं आणि ओपीडीचा फोन पण तीच उचलायची. मला जाऊन सहावा आठवडा, शनिवारची रात्र, साडेदहाला फोन. "म्याडम, मी विडी घरकुलातनं बोलतोय, आईला दुसऱ्या दवाखान्यात ॲडमिट केलंय, तुमच्या कार्डावर हा नंबर हाय." पेशंटला आपण जे छोटं कार्ड देतो ना पर्समध्ये ठेवायला, त्यावर अजून माझाच नंबर होता. कुणी बदललाच नव्हता.

तुम्हाला माहितीये, ट्रायलमधला पेशंट कुठेही ॲडमिट झाला, कुठल्याही कारणाने, तर घडल्यापासून २४ तासांत दिल्लीला, स्पॉन्सर कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. १४ दिवसांत सविस्तर रिपोर्ट. उशीर झाला तर का झाला ते लिहून द्यायचं. मी सरांना फोन केला, ते एका लग्नाच्या रिसेप्शनला. म्हणाले, तू ये इकडे लॅपटॉप घेऊन, चावी वॉचमनकडे आहे, आधी फाईल काढ. डेलिगेशन लॉगवर माझी एंड डेट पडलेली, म्हणजे नियमाने मी त्या कपाटाला हात पण लावायला नको होता. मुलाच्या आवाजाकडे बघून लावला. नंतर त्याची नोट टू फाईल मीच लिहिली, सरांच्या सहीने, काय झालं ते जसंच्या तसं.

फाईल उघडली आणि माहिती भरायला संमतीपत्र काढलं तर ते तेलुगूतलं व्हर्जन दोन. मी जायच्या आधी कंपनीकडून व्हर्जन तीन यायचं होतं, त्यात लिव्हरच्या तपासणीबद्दल एक नवीन परिच्छेद होता. इंग्रजी आणि मराठी तीन नंबर आलं, कमिटीने पास केलं, कपाटात लागलं. तेलुगू तीन नंबर पण आलं होतं, ते खालच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं, आणि वरच्या कप्प्यात जुन्या कॉप्या. त्या मुलीने वरची उचलली. अशा दोन पेशंटच्या सह्या झाल्या होत्या. म्हणजे या बाईला लिव्हरबद्दलची ती नवीन गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, आणि आता ती ॲडमिट आहे.

मी स्कूटीवर मंगल कार्यालयात गेले. सरांनी पनीरच्या काउंटरशेजारी लॅपटॉप ठेवला, फेटा बाजूला केला आणि वीस मिनिटं उभ्या उभ्या सगळं वाचून, त्या दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून रिपोर्ट पाठवला. सर चांगले आहेत, हे मुद्दाम लिहिते. त्यांना काळजी होती. पण संमतीपत्राचं सांगितल्यावर ते पहिल्यांदा जे बोलले ते असं, "आता काय करायचं? नवीन फॉर्मवर मागची तारीख टाकून घेता येईल का?" मी म्हटलं, सर, नाही. ते पण लगेच म्हणाले, हो, नाहीच. थकलेल्या माणसाच्या तोंडून अर्ध्या रात्री अशी वाक्यं निघतात, त्यावेळी समोर कुणीतरी नाही म्हणणारं पाहिजे, एवढंच.

मला ते नाही म्हणायला जीसीपीने नंतर शिकवलं, आधी वडिलांनी. जीसीपीच्या ट्रेनिंगमध्ये अल्कोआ म्हणून सांगतात, नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, त्याच वेळी केलेली, मूळची आणि बरोबर पाहिजे. वडिलांचं वाक्य, "रोजमेळ रोज लिहायचा असतो म्हणून त्याला रोजमेळ म्हणतात, उद्या लिहितो म्हणणारा दिवाणजी ठेवू नये." खोडायचं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. कारखान्यात व्हाईटनर आणलेला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी तो खिडकीतून बाहेर टाकला होता. ट्रेनिंगला पुण्याहून आलेल्या मॅडम हेच स्लाईडवर दाखवत होत्या आणि मला हसू येत होतं.

त्या आजी बऱ्या झाल्या, ॲडमिशनचा औषधाशी संबंध नाही असं पुढे ठरलं. दोघींना नव्याने बसवून सगळं समजावलं, खरी तारीख टाकून नवीन सह्या घेतल्या, नियम मोडल्याचा डेव्हिएशन रिपोर्ट गेला, कमिटीने कडक पत्र दिलं, ते बरोबरच होतं. आणि सोमवारपासून मला परत बोलावलं. तीन महिने वाचवायला निघाले होते, सहा आठवडे वाचले. त्या सहा आठवड्यांचा माझा पगार किती होता ते लिहिलं तर तुम्हालाच कसंतरी वाटेल.

आता जरा हलकं सांगते. पेशंटच्या येण्याजाण्याचे पैसे. कंपनी म्हणते तिकीट जोडा. मोहोळवरून येणाऱ्या बाईला एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट, ते ठीक. पण ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना २०२२ पासून फुकट, त्यांच्या तिकिटावर रक्कम शून्य. मी व्हाउचरला ते शून्याचं तिकीट जोडलं, वर लिहिलं की स्टँडपासून हॉस्पिटलपर्यंत रिक्षा ऐंशी रुपये आणि सोबत आलेल्या मुलाचं पूर्ण तिकीट. कंपनीच्या फायनान्सकडून क्वेरी आली, पेशंटचं तिकीट शून्य का, बिलाची खात्री करा. मी एसटीची योजना इंग्रजीत समजावून लिहिली. मग दुसरी क्वेरी, रिक्षाची पावती कुठे. सोलापुरात रिक्षावाल्याकडे पावती मागून बघा एकदा, काय बोलतो ते पण लिहून पाठवते म्हटलं. शेवटी ठरलं की ठराविक रक्कम सहीवर द्यायची. आजींना त्यातलं काहीच माहीत नाही, त्या दर वेळी माझ्यासाठी शेंगाची चटणी आणतात आणि पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, तो मात्र मी दोन वेळा मोडलाय.

फ्रिजचं पण एक आहे. मे महिना, रविवार, लाईट गेली, इन्व्हर्टर बिलिंगच्या कॉम्प्युटरला होता, रिसर्चच्या फ्रिजला नव्हता. २ ते ८ डिग्रीत ठेवायची इंजेक्शनं, बाहेर त्रेचाळीस. ड्युटीवरच्या ब्रदरने चांगल्या मनाने सगळी उचलून कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवली आणि मला फोन केला, मॅडम काळजी करू नका. सगळी बाजूला काढून 'वापरू नये' लिहून ठेवली, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा ग्राफ कंपनीला पाठवला, उत्तर येईपर्यंत दोन पेशंटच्या तारखा पुढे ढकलल्या. तेव्हापासून इन्व्हर्टरची एक वायर रिसर्चकडे आलीय.

तुम्ही म्हणाल सोलापुरात असल्या गोष्टी पुण्या-मुंबईसारख्या कशा होणार. का नाही होणार ओ? बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री चालू झाली, देशातली पहिली ग्रामीण, बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं धरून. त्यानंतर १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या बायकांची ती मोठी ट्रायल केली, गावांचे ५२ गट पाडून. एचपीव्ही तपासणीच्या एकाच फेरीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. ज्या गटाची तपासणी केली नाही त्यावरून वादही झाले आणि ते वाद खोटे नव्हते. पण मी आकड्याकडे बघते, सवय आहे. १,३१,७४६ बायका. सुमारे सव्वा लाख लिहून भागवलेलं नाही, शेवटच्या सहा पण मोजल्यात. गावोगाव फिरून नावं, वयं, घर नंबर लिहिणारे, ते परत तपासणारे, वर्षानुवर्षं कोण वारलं कोण लग्न होऊन गेलं ते बघणारे लोक होते म्हणून तो आकडा आहे. स्टडी असेपर्यंत ठेवून तीन महिने घरी बसवलेल्या माणसांकडून असलं काम होत नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे, त्याच्या आजूबाजूचं थोडं बोलते. हे पद हॉस्पिटलच्या आस्थापनेवर घ्या. स्टडीच्या नावावर ठेवू नका. नाव काय द्यायचं ते द्या, रिसर्च ॲडमिनिस्ट्रेटर म्हणा, पुण्यात क्लिनिकल ट्रायल असिस्टंट म्हणतात, मराठीत संशोधन कार्यालय सहायक म्हणा, पण हाऊसकीपिंगमध्ये नको. ट्रायल चालू असो नसो, काम असतंच. कमिटीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी परत करायचं असतं. ट्रायल संपल्यावर कमिटीने कागद ५ वर्षं जपायचे असतात, आणि करारात तर मी १५ वर्षं पण पाहिलीत. पंधरा वर्षं! त्या खोलीत वाळवी लागली का, पावसाळ्यात भिंत ओली झाली का, हे बघणारी बाई तुम्ही दर सहा महिन्यांनी बदलणार?

पैसे कुठून आणायचे म्हणाल तर तेही मला माहितीये कारण बजेट मीच टाईप करते. त्यात स्टार्टअप फीची ओळ असते, आर्कायव्हलची, म्हणजे कागद जपण्याची, असते, कोऑर्डिनेटरची असते, आणि इन्स्टिट्यूशनल ओव्हरहेड म्हणून टक्केवारी असते ती याच कामासाठी असते. इन्व्हॉइस मी काढते, टीडीएस कापून किती जमा झाले ते मी बघते. एका ठिकाणी दोन वर्षांच्या ओव्हरहेडमधून लॉबीला फॉल्स सीलिंग झालं. छान झालंय, त्याखाली बसूनच मी व्हाउचर लिहायचे.

आणि माणसं मिळत नाहीत म्हणू नका. मी आजपर्यंत सहा मुली आणि एक मुलगा तयार केला, कुणी बी.कॉम., कुणी बी.ए. मराठी, एक मायक्रोबायोलॉजीची. पाच जण हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेले, बाणेर-हिंजवडीकडे, तिथे त्यांना हेच काम करायला नीट नेमणूकपत्र मिळालं. त्यातली एक आता कराराचं काम बघते, एक डेटा मॅनेजमेंटला गेली, आणि बी.ए. मराठीवाली भाषांतरं तपासते, तिला मी मास्तरांची "नकली औषध"ची गोष्ट सांगितली होती ती अजून सगळ्यांना सांगते म्हणे. प्रत्येक जण मला विचारतो, ताई तुम्ही का नाही येत? सासूबाई आहेत, मुलाची दहावी आहे, आणि मला इथलं आवडतं. पण दर वेळी उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो.

औषधाचं सायन्स कळणारे लोक लागतातच, त्याबद्दल वाद नाही, पेशंटला तपासणं, दुष्परिणाम ओळखणं हे ज्याचं त्याने करावं. मी कधी कुणाला डोस सांगितला नाही आणि सांगणार पण नाही. पण करार, कमिटी, पैसे, व्हर्जन, तारखा, भाषा, कपाट, यासाठी नीट शिकवलेला कॉमर्सचा मुलगा पुरतो. त्याला ट्रेनिंगला पाठवा, डेलिगेशन लॉगवर त्याचं नाव घाला, आणि कमिटीला थेट पत्र लिहायची परवानगी लेखी द्या. हे शेवटचं तुम्हाला आवडणार नाही, कळतंय मला.

ती जाहिरात ज्यांची आहे त्यांनी निदान 'थोडंफार' हा शब्द काढा. आणि रिसेप्शनिस्ट वेगळी घ्या हो, फोन वाजत असताना संमतीपत्र समजावता येत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर सध्याची स्टडी क्लोजआउटला, म्हणजे बंद व्हायला, आलीय. मॉनिटर बुधवारी शेवटची व्हिजिट करणार, उरलेली औषधं मोजून परत जाणार, माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपतंय. सदतीस बॉक्स फाईल आहेत, तीन कपाटं, चाव्या दोन. हँडओव्हर नोट मी टाईप करून ठेवलीय, कुठल्या कप्प्यात काय आहे, कुठली क्वेरी उघडी आहे, कुठल्या पेशंटच्या कार्डावर माझा नंबर आहे तो कुणाच्या नंबराने बदलायचा. 'देणार' म्हणून माझं नाव लिहून झालंय. 'स्वीकारणार' म्हणून जी रेघ आहे त्यावर कुणाचं नाव घालू, तेवढं बुधवारच्या आधी कळवा.

आपली,
फाईलवाली
सोलापूर